दुधाचा नमुना आणि कायद्याची मोहोर

गेल्या महिन्यात आमच्या सभेचे एक सभासद घडी घातलेला कागद घेऊन आमच्याकडे आले. घरच्या दोन म्हशी व एक गाय यांचे दूध ते तालुक्याच्या गावी रतिबाने घालतात. काही महिन्यांपूर्वी एके पहाटे वेशीवर त्यांचा कॅन तपासणीसाठी थांबविण्यात आला, नमुना घेतला गेला, चार-दोन कागदांवर त्यांची सही झाली, आणि गिऱ्हाइके खोळंबतील म्हणून ते लगबगीने निघून गेले. पुढे विश्लेषकाचा अहवाल घरी आला. त्यात गायीचे दूध ठरलेल्या दर्जास उतरत नाही असे लिहिले होते. त्या वेळी भुईमुगाची काढणी चालू होती. कागद देव्हाऱ्यामागे ठेवला गेला. सवड होऊन ते आमच्याकडे आले तेव्हा अपिलाची तीस दिवसांची मुदत उलटून दहा दिवस झाले होते.

आम्ही त्यांस विचारले, "नमुना घेण्यापूर्वी कॅनातले दूध ढवळले होते काय?" ते म्हणाले, "आठवत नाही." "नमुन्याचे चार भाग केले काय?" "बाटल्या होत्या खऱ्या. मी मोजल्या नाहीत." "एक भाग दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवा, असे तुम्ही म्हटले होते काय?" ह्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तसे म्हणता येते, हेच मला ठाऊक नव्हते."

त्यांनी दुधात पाणी घातले होते की नाही, हे आम्हांस सांगता येत नाही. घातले नाही असे ते शपथेवर सांगतात आणि त्यांचा आजवरचा लौकिक चांगला आहे. परंतु लौकिक हा पुरावा नव्हे, आणि जो पुरावा त्यांच्या बाजूने उभा राहू शकला असता तो मिळविण्याची वेळ निघून गेली. खरे काय होते हे आता कोणासच कधी कळणार नाही. ही गोष्ट आम्हांस दंडाच्या रकमेपेक्षा अधिक बोचली, म्हणून हा विषय ह्या अंकी घेत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. भेसळ करणाऱ्याविषयी आमच्या मनात तिळमात्र सहानुभूती नाही. तो शेतकऱ्याच्या घरात जन्मला असला तरीही नाही. दुधात पाणी, तिखटात रंग, तुपात परके तेल घालणारा मनुष्य आपल्या गिऱ्हाइकास फसवितो हे तर खरेच. परंतु तो आपल्या शेजाऱ्यासही लुबाडतो. ज्याने सरकी, पेंड आणि हिरवा चारा घालून जनावर पोसले, त्याच्या निखळ दुधास बाजारात जो भाव मिळावयाचा तो पाणीदार दूध स्वस्तात विकले जाऊ लागले म्हणजे मिळत नाही. तेव्हा भेसळीचा कायदा कडक असावा, अशीच आमची इच्छा आहे. पण कडक कायदा आणि आंधळा कायदा ह्यांत अंतर आहे. नमुना कसा घ्यावा, कसा बांधावा, कोठे पाठवावा, किती दिवसांत तपासावा ह्यांसंबंधीचे नियम म्हणजे ह्या कायद्याचे डोळे होत.

हे नियम इतके बारीक का, ह्याचे कारण वस्तूच्या स्वभावात आहे. चोरीच्या खटल्यात बैल न्यायालयाच्या आवारात आणून उभा करता येतो. त्याचा डाग, त्याची शिंगे मालकास आणि न्यायाधीशास दोघांसही पाहता येतात. दूध तसे नाही. नमुना घेतल्यानंतर उरलेले दूध तासाभरात विकले जाते. घेतलेला नमुना नासू लागतो. तपासणीस गेलेला भाग तपासणीतच संपतो. पुढे खटल्यात जे उरते ते एक कागद, बाकीच्या बाटल्या आणि त्यांवरील लाखेची मोहोर एवढेच. म्हणून ती बाटली त्याच मनुष्याच्या त्याच कॅनातील होती, वाटेत ती कोणी उघडली नाही, आणि तपासली जाईपर्यंत ती नासली नाही, ह्या तिन्ही गोष्टी कागदोपत्री बांधून ठेवल्या नाहीत तर विश्लेषक कितीही विद्वान असला तरी त्याच्या आकड्यास काही अर्थ राहत नाही.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८७५ च्या अन्न व औषध विक्रीच्या कायद्यातच नमुन्याचे तीन भाग करण्याची तरतूद होती: एक विकणाऱ्यास, एक विश्लेषकास, एक पुढे वाद पडल्यास न्यायालयासाठी. मुंबई इलाख्यात १९२५ साली भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर सर्व देशासाठी १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा आला आणि त्यातही तीनच भागांची रीत ठेवण्यात आली. आरंभी त्यांपैकी एक भाग विक्रेत्याच्या हाती दिला जाई. पण खेड्यातील विक्रेत्याने ती बाटली महिनोन्‌महिने कोठे आणि कशी जपावी? १९७६ च्या दुरुस्तीने ती रीत बदलली आणि एक भाग विश्लेषकाकडे व दोन भाग स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे जाऊ लागले. ५ ऑगस्ट २०११ पासून त्या कायद्याच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू झाला. आपल्या राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

आज जो नियम आहे तो आमच्या वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना तपासणीसाठी घेत असल्याची लेखी सूचना विक्रेत्यास दिली पाहिजे. त्या वेळी एक वा अधिक व्यक्तींस साक्षीदार म्हणून हजर ठेवून त्यांच्या सह्या घेतल्या पाहिजेत. नमुन्याची चालू भावाने होणारी किंमत दिली पाहिजे. नंतर नमुन्याचे चार भाग करावयाचे. बाटल्या स्वच्छ व कोरड्या पाहिजेत. दुधाच्या प्रत्येक भागाचे प्रमाण ५०० मिलिलिटर आहे. दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मलिन घालतात, त्याचे प्रमाण दर २५ मिलिलिटरास दोन थेंब, म्हणजे ०.१ मिलिलिटर, अर्थात अर्धा लिटर दुधास २ मिलिलिटर. बाटलीचे तोंड घट्ट बंद करून ती जाड कागदात गुंडाळावयाची, वर अनुक्रमांकाची चिठ्ठी तळापासून माथ्यापर्यंत डकवावयाची, दोऱ्याने बांधून लाखेच्या निदान चार स्पष्ट मोहोरा करावयाच्या: एक माथ्यावर, एक तळाशी, दोन अंगावर. विक्रेत्याची सही किंवा अंगठा अशा रीतीने घ्यावयाचा की तो काही चिठ्ठीवर व काही वेष्टनावर पडेल, म्हणजे चिठ्ठी काढून दुसरीकडे लावता येणार नाही. विक्रेत्याने सही नाकारली तर साक्षीदारांच्या सह्या घ्यावयाच्या. मोहोरेचा ठसा विश्लेषकाकडे निराळा पाठवावयाचा, म्हणजे आलेल्या बाटलीवरील मोहोर त्याने त्याच्याशी ताडून पाहावी.

ह्या चार भागांपैकी एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे सुरक्षित राहतात, आणि चौथा भाग विक्रेत्याने मागणी केल्यास मान्यताप्राप्त अशा दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जातो. 'मागणी केल्यास' हे दोन शब्द आमच्या वाचकांनी अधोरेखित करावेत. मागितले नाही तर तो अधिकार असून नसल्यासारखा आहे. दोन प्रयोगशाळांचे अहवाल जुळले नाहीत तर ठेवलेल्या भागांपैकी एक निर्देश प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निर्णय अखेरचा असतो. विश्लेषकाने नमुना पोचल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा आहे. तो प्रतिकूल असेल तर त्याची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येते. खटला भरण्यासही मुदत आहे: गुन्हा घडल्यापासून एक वर्ष; आयुक्तांनी कारणे नमूद करून वाढविल्यास जास्तीत जास्त तीन वर्षे.

आता ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो सुशिक्षित मंडळींच्या तोंडून अधिक ऐकू येतो. ते म्हणतात, "ह्या बारीक नियमांमुळेच भेसळवाले सुटतात. मोहोर तीन ठिकाणी होती की चार, म्हणून विष विकणारा मोकळा सुटावा काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्यास उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही.

आमचे उत्तर असे की, न्यायालयांनी क्षुल्लक चूक आणि मर्मावरची चूक ह्यांत भेद केलेला आहे. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नमुन्याचे प्रमाण नियमापेक्षा कमी होते ह्या मुद्द्यावर आरोपीच्या बाजूने निर्णय दिला होता. परंतु तीनच वर्षांनी, १९७८ साली, केरळच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि सांगितले की, प्रमाणाचा नियम विश्लेषकाच्या सोयीसाठी आहे. कमी प्रमाणातही नीट तपासणी झाली असेल तर तेवढ्याच कारणाने आरोपी सुटत नाही. १९७१ साली गुजरातच्या दुधाच्या खटल्यात, ज्याने नमुना वरच्या प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अर्जच केला नाही त्यास पुढे 'माझा अधिकार बुडाला' अशी तक्रार करता येणार नाही, असे ठरले. म्हणजे नियमांच्या फटीतून वाटेल त्यास बाहेर पडता येते ही समजूत खरी नाही.

ह्याच्या उलट मर्मावरची चूक कशी असते, ते दिल्ली महानगरपालिकेच्या एका खटल्यात पाहावे. दह्याचा नमुना १९६१ च्या सप्टेंबरात घेतला गेला आणि फिर्याद १९६२ च्या मे महिन्यात दाखल झाली. तोवर सात-आठ महिने लोटले होते. आरोपीने केंद्रीय प्रयोगशाळेकडून तपासणी मागितली तेव्हा नमुना इतका कुजला होता की तपासणी होऊच शकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कायद्याने आरोपीस पहिल्या अहवालाची पारख करून घेण्याचा मोलाचा अधिकार दिलेला आहे. सरकार पक्षाच्या दिरंगाईने तो नष्ट झाला असेल तर त्याच अहवालावर त्यास दोषी धरता येत नाही. येथे मोहोरेचा वा दोऱ्याचा प्रश्न नव्हता. एका मनुष्याविरुद्ध एकच साक्षीदार होता आणि त्या साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचे साधन दुसऱ्याच्या आळसाने कुजून गेले होते. ह्यास कोणी 'तांत्रिक मुद्दा' म्हणेल तर त्यास न्याय ह्या शब्दाचाच अर्थ कळला नाही, असे आम्ही म्हणू.

अलीकडे, २०२१ साली, मध्य प्रदेशच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली असेही ठरविले की, अहवाल टपालात टाकला एवढ्याने भागत नाही. तो आरोपीच्या हाती पोचला हे सिद्ध झाले पाहिजे. मुदत ज्या कागदापासून मोजावयाची तो कागदच हाती पडला नाही तर मुदतीस अर्थ काय? खेड्यापाड्यांत टपाल कसे पोचते हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

तेव्हा भेसळवाला सुटतो तो नियमामुळे नव्हे. नियम न पाळल्यामुळे सुटतो. ज्या अधिकाऱ्याने साक्षीदार बोलाविला नाही, मोहोर नीट केली नाही, फिर्याद महिनोन्‌महिने पडू दिली, त्याने अपराध्यास पळवाट करून दिली आणि निरपराध्याचा आधार काढून घेतला. ह्या एकाच हलगर्जीपणाचे दोन्ही परिणाम शेवटी प्रामाणिक उत्पादकाच्याच माथी येतात.

दुधाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती आमच्या वाचकांपेक्षा अधिक चांगली कोणास ठाऊक असणार? दूध हे काही कारखान्यातून एकाच मापाने निघत नाही. धारेच्या आरंभीचे दूध पातळ असते आणि शेवटचे दाट. कॅन तासभर स्थिर राहिला की स्निग्धांश वर चढतो; वरून बुडविलेल्या मापात तो अधिक येतो, तळाशी तोटी असेल तर तेथून काढलेल्या दुधात कमी. उन्हाळ्यात हिरवी वैरण संपली, जनावर आटत आले, नुकतेच व्याले, आजारातून उठले, की आकडे हलतात. म्हणून संपूर्ण दूध तळापासून ढवळून मगच नमुना घेणे, ही सर्व पुढील कृतींची पहिली पायरी आहे. ती चुकली तर पुढच्या चारही बाटल्या चार मोहोरांसह चुकीचेच सांगतील.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. तेथील १९०१ च्या नियमांनी दुधात ३ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असावेत असे ठरविले; परंतु त्याहून कमी आढळल्यास भेसळ झाल्याचे केवळ अनुमान करावयाचे होते, आणि उलट सिद्ध करण्यास मोकळीक होती. १९१६ साली एका शेतकऱ्याच्या प्रकरणी तेथील न्यायालयाने निकाल दिला की, गायीने दिले तसेच दूध, काही न घालता व काही न काढता विकले असेल, तर ते मापात कमी भरले तरी गुन्हा नव्हे. अशा वादात गोठ्यात जाऊन, साक्षीदारांसमक्ष धार काढवून, त्या दुधाचा ताडून पाहण्यासाठी नमुना घेण्याची रीत तेथे पडली. जणू साक्षीस गायीसच बोलाविले.

आपल्याकडे कायदा अधिक कठोर आहे. उत्तर प्रदेशात १९९५ साली घेतलेल्या दुधाच्या एका नमुन्यात स्निग्धेतर घनपदार्थ ८.५ टक्क्यांच्या जागी ७.७ टक्के भरले. तो खटला २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. कमतरता थोडीच आहे, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. ठरलेल्या मापाहून कमी म्हणजे भेसळ, कमी किती हा प्रश्न गौण, असे सांगून त्याने शिक्षा कायम केली. त्या मनुष्याचे वय चोवीस वर्षांनी वाढले होते. आज गायीच्या दुधास किमान ३.२ टक्के स्निग्धांश आणि ८.३ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असे माप आहे. माप जेथे इतके निश्चित आणि दशांशाचा फरक जेथे इतका महाग, तेथे नमुना घेण्यातील शिस्तही तितकीच निश्चित असली पाहिजे, ही आमची मागणी अवास्तव नाही. सोनाराच्या तराजूने न्याय करावयाचा, तर पारडीही सोनाराच्याच काळजीने धरली पाहिजेत.

येथे कोणी शेतकरी बंधू म्हणतील, "हा कायदा आम्हांस लागूच नाही ना?" त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. २००६ च्या कायद्याच्या १८ व्या कलमात शेतकरी, त्याची शेतीची कामे, त्याची पिके, जनावरे आणि शेतावरील उत्पन्न ह्यांस कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. आणि 'प्राथमिक अन्न' ह्या शब्दाच्या व्याख्येतही माल शेतकऱ्याखेरीज दुसऱ्याच्या हाती गेल्यावरच तो त्या व्याख्येत येतो. सहकारी दूध संस्थेचा जो सभासद आपले सर्व दूध संस्थेसच घालतो, त्यास निराळी नोंदणीही करावी लागत नाही. परंतु ज्याने शहरात रतीब धरले, शेजाऱ्याचे दूध आपल्यात मिळविले, खवा किंवा तूप करून विकावयास घेतले, तो व्यापाराच्या वाटेस लागला. त्याने १८ व्या कलमाच्या सावलीत निर्धास्त झोपणे शहाणपणाचे नाही. आणि संस्थेस दूध घालणाऱ्यानेही हे विसरू नये की, टाकीतील दूध नापास झाले तर दोष सर्व गावावर येतो, त्यात निखळ दूध घालणारा वेगळा ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक संकलन केंद्राने रोजच्या रोज दर सभासदाच्या दुधाचा स्निग्धांश व घनपदार्थ ह्यांची वही नीट ठेवावी. ती वही म्हणजे प्रामाणिक सभासदाची ढाल होय.

काहींचा असा ग्रह आहे की, हे सर्व नियम मोठ्या कारखानदारांनी वकील लावून उभे केलेले अडथळे आहेत. वस्तुस्थिती पाहावी. २०१५ च्या जून महिन्यात मॅगी शेवयांवर शिसे प्रमाणाबाहेर असल्याच्या कारणाने देशभर बंदी आली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर ती उभी होती त्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त नव्हत्या आणि कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले गेले नव्हते, ही त्यामागील मुख्य कारणे. मात्र न्यायालय तेथेच थांबले नाही. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतून फेरतपासणी झाल्याखेरीज माल पुन्हा बाजारात आणू नये, असेही त्याने फर्माविले. ग्राहकाचे हित आणि विक्रेत्याचा न्याय ही दोन्ही एकाच वेळी राखता येतात, ह्याचे हे उदाहरण आहे. तोच नियम आमच्या सभासदाच्या दोन म्हशी व एका गायीसही लागू आहे. फरक इतकाच की, कंपनीस तो ठाऊक होता आणि आमच्या सभासदास नव्हता.

ह्यावरून सरकारकडे आमच्या काही मागण्या आहेत. नमुना घेताना दूध ढवळले की नाही ह्याची नोंद पंचनाम्यात सक्तीची करावी. विक्रेत्यास दिली जाणारी सूचना सोप्या मराठीत असावी आणि चौथ्या भागाच्या अधिकाराचे वाक्य तिच्या शिरोभागी ठळक छापावे. अहवालासोबत अपिलाची शेवटची तारीख लिहूनच पाठवावी; अल्पशिक्षित मनुष्यास दिवस मोजावयास लावू नये. राखून ठेवलेले भाग शीतपेटीत ठेवले जातात की नाही हे वेळोवेळी तपासले जावे. आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा मोठ्या शहरांपुरत्याच न राहता दूध जेथे निघते त्या भागाजवळ आणाव्यात. ह्यांतील एकही मागणी भेसळवाल्याच्या सोयीची नाही. किंबहुना ह्या पाळल्या गेल्या तर त्याची सुटका अधिक अवघड होईल.

परंतु सर्व मागण्या सरकारकडे करून आपण हात झटकणे बरे नव्हे. आमच्या बंधूंनीही काही गोष्टी अंगी लावून घ्याव्यात. नमुना घेतला जात असता पळू नये, हुज्जत घालू नये; अधिकाऱ्यास अडथळा करणे हा निराळा गुन्हा आहे. पण घाईने निघूनही जाऊ नये. गिऱ्हाइकाचा चहा अर्धा तास उशिरा झाला तरी चालेल; शेवटची मोहोर बसेपर्यंत तेथेच उभे राहावे. दूध ढवळून घेण्याची नम्रपणे विनंती करावी. बाटल्या मोजाव्यात. वाचल्याखेरीज सही करू नये. वाचता येत नसेल तर वाचून दाखविण्यास सांगावे. चौथा भाग दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा, ही मागणी लेखी करावी आणि प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यावी. अहवाल हाती पडला त्या दिवशीची तारीख पाकिटावर लिहावी आणि त्याच आठवड्यात जाणत्या मनुष्यास दाखवावा.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. अधिकाऱ्याने साक्षीदार म्हणून बोलाविले असता आपल्यापैकी बहुतेक जण तोंड फिरवून निघून जातात. कोर्टाची पायरी नको, शेजाऱ्याशी वाकडे नको. ही वृत्ती समजण्यासारखी आहे, पण ती घातक आहे. साक्षीदार हा अधिकाऱ्याचा मनुष्य नव्हे आणि विक्रेत्याचाही नव्हे; बाटलीत जे गेले तेच कॅनात होते, एवढेच तो पाहतो. असा मनुष्य उभा असला म्हणजे अधिकाऱ्यास गैर करता येत नाही आणि भेसळवाल्यास खोटे बोलता येत नाही. आज आपण शेजाऱ्यासाठी उभे राहिलो नाही तर उद्या आपल्या कॅनाजवळ कोण उभे राहील? आणि आपणही ग्राहक आहोत हे विसरू नये. घरातले तेल, हळद, साखर आपण विकतच आणतो. विकत घेतानाच विक्रेत्यास तशी सूचना देऊन आणि फी भरून तो माल विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येक ग्राहकास दिला आहे. ज्या शिस्तीची अपेक्षा आपण आपल्या दुधासाठी करतो, तीच इतरांच्या मालासाठीही पाळली पाहिजे.

आमच्या त्या सभासदाविषयी दोन शब्द लिहून हा लेख संपवितो. मुदत टळली असली तरी जो निर्णय करणारा अधिकारी असेल त्याच्यासमोर त्यांस आपले म्हणणे मांडता येईल, आणि आम्ही त्यांस त्यासाठी लागेल ते साहाय्य करणार आहोत. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. त्यांनी मात्र जाताना एक गोष्ट केली: आमच्याकडील एका जुन्या वहीत आपल्या तिन्ही जनावरांच्या दुधाचे रोजचे आकडे लिहिण्यास त्यांनी त्याच दिवसापासून आरंभ केला. हे सहा महिन्यांपूर्वी झाले असते तर बरे झाले असते. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या गोठ्यात एक जरी दुभते जनावर असेल, त्यांनी ती वही आजच घालावी.